कामाचे किलोमीटर, घरचे किलोमीटर

व्यवसायासाठी गाडी किती चालली याची तारीखवार नोंद ठेवणारी वही म्हणजे लॉगबुक. नफ्यातून गाडीचा खर्च वजा करून घेताना ही वही लागते. गाडी चालवताना तिचा काही उपयोग नसतो. म्हणून ती गाडीत क्वचित आणि सीएच्या कपाटात नेहमी सापडते. वहीत साधारणपणे सात रकाने असतात: तारीख, कुठून, कुठे, निघतानाचे रीडिंग, पोचल्यावरचे रीडिंग, एकूण किलोमीटर आणि प्रवासाचा हेतू. पहिले सहा रकाने गाडीविषयी असतात आणि ते ड्रायव्हरलाही भरता येतात. सातवा मालकाच्या मनाविषयी असतो. या विषयावरचा सगळा कायदा आणि सगळे ललित वाङ्मय या सातव्या रकान्यातून निघाले आहे.

मूळ अट १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७(१) मध्ये होती. खर्च पूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठी केलेला असावा, खासगी नसावा, असे हे कलम सांगत असे. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण ही अट जागची हलली नाही. अडचण एवढीच की मालक एक, गाडी एक आणि टाकीही एकच असते. सकाळी भोसरीच्या पार्टीकडे निघालेली गाडी वाटेत मुलीला शाळेत सोडते, पार्टीकडे तासभर थांबते, परतताना सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेते आणि चितळ्यांच्या दुकानासमोर पार्किंग दिवे लावून उभी राहते. यातले कोणते लिटर व्यवसायासाठी पूर्णतः आणि केवळ जळले, हे डिझेलला ठाऊक नसते. कायद्याने ही शक्यता धरून ठेवली होती. जुन्या कायद्याच्या कलम ३८(२) नुसार मालमत्ता केवळ व्यवसायासाठी वापरली जात नसेल, तर घसारा वगैरे वजावटी वाजवी प्रमाणातच मिळत. वाजवी प्रमाण किती, हे कोणी ठरवायचे तेही कलमातच लिहिले होते: कर निर्धारण अधिकाऱ्याने.

पणाला लागलेली रक्कम लहान नसते. इंधन, विमा, सर्व्हिसिंग, ड्रायव्हरचा पगार, गाडीच्या कर्जावरचे व्याज आणि शिवाय गाडीच्या किमतीवर दरसाल १५ टक्के घसारा. गाडी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर घसारा निम्माच मिळतो. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या मुहूर्तावर हार घालून शोरूममधून निघालेल्या गाडीच्या पदरात ३१ मार्चपर्यंत १७१ दिवस पडले आणि घसारा अर्धा झाला. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला. १८१ दिवस भरले आणि घसारा पूर्ण मिळाला. साडेतीन मुहूर्तांपैकी दसऱ्याचा मुहूर्त कोणत्या वर्षी पूर्ण आणि कोणत्या वर्षी अर्धा, हे पंचांग सांगत नाही. ते सीए सांगतो.

नोकरदाराला या वहीची गरज पडत नाही, कारण घर ते कचेरी हा प्रवास कायद्याच्या लेखी खासगी आहे. विरार लोकलच्या दारात लटकणारा माणूस स्वतःच्या हौसेने लटकतो, असे गृहीत धरलेले असते. त्या हौसेपोटी पूर्वी महिना १,६०० रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पाने तो आणि १५,००० रुपयांची वैद्यकीय प्रतिपूर्ती काढून घेतली आणि त्याबदली ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट दिली. जुन्या दोन सवलती मिळून वर्षाला ३४,२०० रुपये होत होत्या, म्हणजे निव्वळ वाढ ५,८०० रुपयांची झाली. या वजावटीला पुरावा लागत नाही, वही लागत नाही, हेतूही लागत नाही. पगारदारांमध्ये लॉगबुक-वाङ्मय रुजले नाही ते यामुळेच.

कंपनीची गाडी वापरणाऱ्याची स्थिती वेगळी. गाडी कंपनीच्या कामाला आणि घरच्या कामालाही वापरली जात असेल, तर घरच्या वापराचे मूल्य त्याच्या पगारात मिळवले जाते. १९६२ च्या नियमांतल्या नियम ३ ने, खर्च कंपनी करत असेल तर, १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला हे मूल्य महिना १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २,४०० रुपये ठरवले होते. ड्रायव्हर असल्यास आणखी ९००. २००९ मध्ये आलेले हे दर पुढे डिझेलच्या दराकडे न बघता वर्षानुवर्षे शांत राहिले. ही रक्कमही नको असेल, तर गाडी केवळ कंपनीच्या कामाला वापरली असे दाखवावे लागे. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. एक, प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद. दुसरी, कंपनीचे तसे प्रमाणपत्र. घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ही दुसरी अट विशेष काटेकोरपणे पाळली जाते. संचालकाने गाडी फक्त कंपनीच्या कामाला वापरली, असे कंपनी लेखी प्रमाणित करते. कंपनीच्या वतीने सही संचालक करतो.

खुद्द कंपनीला मात्र खासगी आयुष्य नसते. सयाजी आयर्न अँड इंजिनिअरिंग या कंपनीच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. निकाल २००२ च्या आयटीआर खंडात छापला आहे. कंपनी ही कृत्रिम व्यक्ती, तिला स्वतःचा खासगी वापर असू शकत नाही. संचालकांनी गाड्या घरी वापरल्या असतील तर तो प्रश्न त्यांच्या उत्पन्नाचा, म्हणून कंपनीच्या खर्चात कपात करता येणार नाही, असे त्याचे सार. तेव्हापासून सीए हा निकाल कंठस्थ ठेवतात. मालकी हक्काने धंदा करणाऱ्या माणसाला सासुरवाडी असते, कंपनीला नसते, एवढ्या एका फरकावर कित्येक दुकानांच्या पाट्यांवर 'प्रा. लि.' ही अक्षरे चढली असावीत.

ज्याचे सगळे आयुष्य किलोमीटरमध्ये जाते, त्या मालट्रकवाल्याला मात्र वही माफ आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या मालकासाठी १९६१ च्या कायद्यात कलम ४४एई होते. त्यानुसार साध्या मालवाहू गाडीमागे महिना ७,५०० रुपये आणि अवजड गाडीमागे दर टनाला महिना १,००० रुपये उत्पन्न आहे असे मानून कर घेता येत असे. ट्रक कन्याकुमारीला गेला की महिनाभर गॅरेजमध्ये जॅकवर उभा राहिला, हे कोणी विचारत नाही. रात्रंदिवस धावणाऱ्या वाहनाला नोंद नको आणि आठवड्यातून तीनदा बाहेर निघणाऱ्या इनोव्हाला सात रकाने, या रचनेत विसंगती नाही. ट्रक पिकनिकला नेत नाहीत.

लॉगबुकचे तीन प्रकार आढळतात. पहिली रोजवही. ती नव्या गाडीबरोबर सुरू होते. तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक असते, पहिल्या आठवड्यात पार्किंगच्या पावत्याही पिनेने लावलेल्या असतात, आणि पहिली मोफत सर्व्हिसिंग येईपर्यंत ती संपलेली असते. दुसरी मार्चवही. बहुसंख्य वह्या या प्रकारात मोडतात. ती वर्षअखेरीला, एका बैठकीत, एका पेनाने लिहिली जाते. तिची लक्षणे ठळक असतात. रीडिंग शून्यावर किंवा पाचावर संपते. पुण्याहून नाशिकला जाताना जितके किलोमीटर, तितकेच परतताना. वर्षभरात गाडी कधी रस्ता चुकत नाही, कधी डायव्हर्जनमध्ये सापडत नाही, कधी नुसती पेट्रोल भरायला बाहेर पडत नाही. तिसरी नोटीसवही. ती नोटीस आल्यावर जन्मते आणि दिसायला तिघींत सर्वांत जुनी असते. तिच्यासाठी दोन वर्षांपूर्वीची कोरी डायरी शोधली जाते, दोन पेने वापरली जातात, मधले एक पान खाडाखोड करून बिघडवले जाते आणि कोपऱ्यावर चहाच्या कपाचे वर्तुळ उमटवले जाते. खरी वही इतकी खरी कधीच दिसत नाही.

सातव्या रकान्याची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तिचा शब्दसंग्रह लहान, पण लवचीक असतो: 'पार्टी भेट', 'साइट व्हिजिट', 'वसुली', 'माल पाहणी', 'मार्केट सर्व्हे'. मे महिन्यातल्या महाबळेश्वरची नोंद 'मार्केट सर्व्हे' अशी होते. गणपतीपुळ्याला 'डीलर नेमणूक' असते आणि ती दर डिसेंबरात नव्याने करावी लागते. शिर्डी दर गुरुवारी 'वसुली'त येते. तिथे कोण कोणाकडून वसूल करतो, हे नोंदवायला रकान्यात जागा नसते. गोव्याला 'परिषद' भरते आणि मालक एकटाच तिचा प्रतिनिधी असतो.

हे सारे लबाडी म्हणून सोडून देता आले असते, पण मराठी मुलखातला व्यवहार तसा सोपा नाही. तालुक्याच्या गावी मोठ्या गिऱ्हाइकाच्या मुलाचे लग्न असते. व्यापारी सत्तर किलोमीटर गाडी हाकत जातो, आहेर देतो, पहिल्या पंगतीला बसतो आणि पुढच्या हंगामाची ऑर्डर बासुंदीच्या वाटीबरोबर पक्की करतो. तो गेला नसता तर ऑर्डर दुसऱ्याला गेली असती, शिवाय आमंत्रण देऊनही आला नाही असे दहा वर्षे ऐकावे लागले असते. ही फेरी व्यवसायाची की खासगी? जाताना पत्नी बरोबर होती, म्हणून ती अर्धी खासगी धरावी, तर त्या घरच्या बायकांशी संबंध तिनेच जपलेले असतात. अंत्ययात्रा, बारसे, वास्तुशांत, सहकारी बँकेची वार्षिक सभा आणि आमदारांचा वाढदिवस या सर्वांना हाच प्रश्न लागू होतो. माणसाने काम आणि नाते वेगळ्या गाड्यांतून न्यावे, ही कायद्याची अपेक्षा आहे. तालुक्यात एवढ्या गाड्या नाहीत.

वहीच्या विरोधात साक्ष देणारे पूर्वी कमी होते: ड्रायव्हर, आणि तो पगारावर होता. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि एक न फुटणारा साक्षीदार गाडीच्या काचेवर चिकटला. शनिवारी दिवसभर गाडी भोसरी एमआयडीसीत होती असे वही म्हणते. त्याच दुपारी ती खेड-शिवापूरच्या नाक्यावरून साताऱ्याच्या दिशेने गेली आणि रविवारी रात्री परतली, असे फास्टॅगचा उतारा म्हणतो. दुसरा साक्षीदार सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड. त्यावर त्या तारखेचे खरे रीडिंग छापलेले असते, आणि वहीतल्या गाडीपेक्षा ते चार हजार किलोमीटर पुढे किंवा मागे असते. पेट्रोलपंपाची पावती मात्र मालकाच्या बाजूने असते, कारण ती उष्णतेने छापलेली असून काही महिन्यांत आपोआप कोरी होते. डॉक्टर, वकील, अभियंता अशा व्यावसायिकांनी हिशेबाची कागदपत्रे कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ६ वर्षे जपावीत, असे नियम ६एफने १९६१ च्या कायद्याखाली सांगितले होते. ती बहुतेक जण जपतात. फाइलमध्ये पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या क्रमाने लावलेल्या असतात आणि त्यांवर काही लिहिलेले नसते. त्याच नियमाने पावती मिळत नसेल तर ५० रुपयांपर्यंतच्या खर्चाला व्यावसायिकाने स्वतः तयार करून स्वतः सही केलेले व्हाउचर चालेल, अशीही मुभा दिली होती. राज्यसंस्थेचा नागरिकाच्या शब्दावर किती विश्वास आहे, याचे रुपयांत मोजलेले उत्तर यापेक्षा नेमके मिळणार नाही.

पुढचा टप्पा निर्धारणाचा. वही नसेल किंवा पटत नसेल, तर अधिकारी गाडीखर्चाचा दहावा, पाचवा किंवा त्याहून मोठा हिस्सा खासगी वापराचा धरून नामंजूर करतो. करदाता अपिलात जातो आणि पाचव्याचा दहावा होतो. मंडईत भाजीवाली चाळीस सांगते, गिऱ्हाईक वीस म्हणते आणि सौदा तिसाला तुटतो, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच की इथे सौदा तुटायला चार वर्षे आणि दोन वकील लागतात. खरोखर किती किलोमीटर घरचे होते, हा प्रश्न या काळात कोणी विचारत नाही, कारण उत्तर मालकालाही माहीत नसते. आता निर्धारण चेहराविरहित पद्धतीने होते, त्यामुळे ही घासाघीसही पीडीएफमधून चालते. वहीतले 'कोरेगाव' पुण्यातले पार्क, भीमेकाठचे गाव की साताऱ्याचा तालुका, हे दुसऱ्या राज्यात बसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचे असते. तो नकाशा उघडतो, तिन्हींची सरासरी काढत नाही एवढेच.

या वाङ्मयाचा सर्वाधिक विकास अमेरिकेत झाला आहे. तिथे स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला खर्चाच्या पावत्यांऐवजी मैलामागे ठरावीक वजावट घेता येते. २०२५ साठी ती ७० सेंट होती, गाडी जुनी असो वा आलिशान. न्यू जर्सीत घरे दाखवत फिरणारा मराठी एजंटही याच दराने फिरतो. सुरुवातीला नोंदीविषयी तो देश उदार होता. जॉर्ज एम. कोहन या ब्रॉडवेच्या नट-निर्मात्याने प्रवासावर आणि लोकांना खाऊपिऊ घालण्यावर भरपूर खर्च केला होता, हिशेब मात्र ठेवला नव्हता. १९३० मध्ये अपील न्यायालयाने, न्यायाधीश लर्नेड हँड यांच्या लेखणीतून, असा निर्णय दिला की खर्च झाला हे उघड असताना सगळाच नाकारता येत नाही. अंदाज बांधावा, आणि ढिसाळपणा करदात्याचा असल्याने अंदाज त्याच्या विरुद्ध झुकवावा. बत्तीस वर्षे अमेरिकी धंदेवाईक या निकालाच्या सावलीत जेवले. १९६२ मध्ये तिथल्या संसदेने प्रवास आणि पाहुणचारापुरता अंदाज बंद केला. रक्कम, वेळ, ठिकाण आणि व्यावसायिक हेतू या चार गोष्टी सिद्ध करा, असे कायदा सांगू लागला. चौथी गोष्ट म्हणजे पुन्हा तोच सातवा रकाना.

१९८४ मध्ये कडकपणाचा कळस झाला. खासगी वापरही होऊ शकणाऱ्या गाड्यांसाठी नोंदी त्या त्या वेळीच केलेल्या असाव्यात, अशी अट कायद्यात आली. शेतकऱ्यापासून विक्रेत्यापर्यंत सगळ्या देशाने आरडाओरडा केला आणि मे १९८५ मध्ये संसदेने ती मागे घेतली. मागे घेतानाची तरतूद अभ्यासनीय आहे: 'त्या त्या वेळीच' या अर्थाचा शब्द कायद्यात कधी घातलाच नव्हता असे समजून अंमल करावा. नोंद मागाहून लिहू नये, असे सांगणारा कायदा संसदेने मागाहून दुरुस्त करून घेतला. पुण्यातल्या मार्चवहीवाल्यांना याहून उच्च पातळीवरचा पाठिंबा आजवर मिळालेला नाही.

घर ते कचेरी या प्रवासाला अमेरिकेतही वजावट नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये राहून अलाबामातल्या मोबिल शहरी नोकरी करणाऱ्या एका वकिलाचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये फेटाळला. कुठे राहायचे ही त्याची निवड, धंद्याची गरज नव्हे, असे सांगून. शिवाय २०१८ पासून नोकरदारांना कामासाठी स्वतः केलेल्या प्रवासखर्चाची वजावटही जवळजवळ उरली नाही. व्यावसायिकांच्या विवरणपत्रात मात्र गाडीविषयी दोन साधे प्रश्न असतात. पुरावा आहे का? असल्यास तो लेखी आहे का? दोन्हींना हो किंवा नाही एवढेच उत्तर. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही लिहिणारा करदाता प्रामाणिक असतो आणि पुढच्या पत्रव्यवहारासाठी पात्रही ठरतो.

वहीला पर्याय म्हणून मोबाइलची अ‍ॅप आली आहेत. ती उपग्रहाच्या मदतीने प्रत्येक फेरी आपोआप टिपतात, त्यामुळे पहिले सहा रकाने आता निर्विवाद झाले. सातव्यासाठी फेरीची चौकट बोटाने एका बाजूला सरकवली की ती व्यवसायाची, दुसऱ्या बाजूला सरकवली की खासगी. माणसाच्या मनात काय होते, हे ओळखण्याचे तंत्र एवढे पुढे गेले आहे की आता त्यासाठी फक्त अंगठा लागतो. तो बहुधा एकाच बाजूला झुकतो.

वही नीट ठेवायची असेल, तर पद्धत सोपी आहे. वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो काढावा. फेरी झाली त्याच दिवशी नोंद करावी. गावाबरोबर भेटलेल्या माणसाचे किंवा पेढीचे नाव लिहावे. 'पार्टी भेट' लिहू नये. वाटेतली शाळा आणि भाजी वेगळी दाखवावी. फास्टॅगचा उतारा, जॉब कार्ड आणि वही महिन्याला एकदा जुळवून पाहावी. पंपाच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवावी. खासगी किलोमीटर शून्य दाखवू नयेत; सोळा-सतरा टक्के स्वतःहून सोडून दिले, तर अधिकाऱ्याच्या पाचव्या हिश्शाला आणि अपिलातल्या दहाव्याला मधेच गाठता येते, वकिलाचे पैसे वाचतात आणि आकडा योगायोगाने खराही असू शकतो.

जपण्याची मुदत संपली आणि प्रकरण कुठे प्रलंबित नसले की वही रद्दीत घालता येते. रद्दीचे आलेले पैसे व्यवसायाचे किरकोळ उत्पन्न म्हणून दाखवावेत. वह्या रद्दीवाल्याकडे गाडीने नेल्यास ती फेरी पूर्णतः आणि केवळ व्यवसायाची असते. तिची नोंद चालू वर्षाच्या वहीत, त्याच दिवशी करावी.